चर्चची गाडी

अजित उजागऱ्यांवर मी दोन वर्षं रागावलेली होते, आणि तो राग मी चांगला जपून ठेवला होता. तो राग गेला त्या रविवारची गोष्ट सांगायची आहे. पण आधी माणूस सांगायला हवा.

उजागरे भोरचेच. आमच्या चर्चच्या मागच्या आळीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. एसटीत आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक, आता निवृत्त. स्थानकातल्या जाळीच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे भोंग्यावरून सांगणारा जो आवाज अर्ध्या तालुक्याने वर्षानुवर्षं ऐकला, तो त्यांचा. बारीक अंगाचा, उंच माणूस. सदऱ्याच्या खिशाला कायम निळं पेन.

आमची मंडळी लहान. सगळी मिळून पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी एकमेकांची सोयरी. इथे प्रत्येकाला काहीतरी येतं. कुणी गातं, कुणी पेटी वाजवतं, कुणी इतकी लांब प्रार्थना करतं की मुलं डोळे उघडून दोनदा घड्याळ बघतात. उजागऱ्यांना यातलं काही येत नाही. ते गायला लागले की शेजारचा माणूस गप्प होतो. एकदा त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं, तर "देवाचे फार उपकार आहेत" एवढंच म्हणाले, मिनिटभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले आणि खाली बसले. घरात बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे, मंगलकडे होतं. ती गायची, भांडायची, हसायची, दोघांच्याही वाटचं.

मंगल गेली त्या दिवशी मात्र मी एक गोष्ट पाहिली. दफनाला आमची मंडळी होतीच, पण फाटकाबाहेर फेटे-टोप्या घातलेली माणसं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका उभ्या होत्या. उत्रोलीपासून थेट वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या वाड्यांपर्यंतच्या. उजागऱ्यांनी कधी कुणासाठी गाडी अर्धा मिनिट थांबवलेली, कधी कुणाचं बाळंतपणाचं गाठोडं टपावर चढवलेलं. ती माणसं आत यायला बिचकत होती, पण बाहेर उन्हात शेवटपर्यंत उभी राहिली. नंतर उजागरे मला म्हणाले, "बाई, एवढी माणसं मला ओळखतात हे मला माहीतच नव्हतं. ह्यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे." मी मान डोलावली. अशा वेळी माणसं काहीबाही बोलतात, असं मला वाटलं.

आता माझ्याबद्दल थोडं. मी शुभांगी. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता चर्चच्या पंच कमिटीची सचिव आहे. मला लवकर राग येतो आणि उशिरा जातो, हे भोरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले ते हुरूप घेऊनच आले. पहिल्या महिन्यातच म्हणाले, आपल्या चर्चची वेबसाईट हवी. लोक आता वाट विचारायला फाटकापाशी येत नाहीत, मोबाईलमध्ये शोधतात. आपण तिथे नसू तर त्यांच्या दृष्टीने आपण कुठेच नाही. हे मला पटलं. पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या त्यांच्या मावसबहिणीने, शेफालीने, दोन रविवारांत वेबसाईट तयार करून दिली. वर चर्चचा फोटो, पांढरी भिंत आणि लाल कौलं. खाली पाळकसाहेबांचा संदेश, उपासनेच्या वेळा, प्रार्थनेची विनंती पाठवायची जागा आणि "आमच्याकडे कसे यावे". ही सांभाळणार कोण, असं विचारल्यावर सगळे सतरंजीकडे बघायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. तो उजागऱ्यांचा आहे हे कळल्यावर पाळकसाहेब आधी बावरले आणि मग त्यांनी टाळी वाजवली.

शेफालीने त्यांना शिकवलं. उजागऱ्यांनी एका वहीत "निळ्या बटणावर बोट. थांबणे. पुन्हा बोट" असं सगळं लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांत ते तयार झाले. मी त्यांना "कसे यावे"साठी एक ओळ दिली होती: भोर एसटी स्थानकापासून चालत दहा मिनिटे. ते ती ओळ वाचत बसले.

"बाई, पण येणारा माणूस स्थानकापर्यंत कसा येणार?"

"एसटीने येईल."

"कुठल्या?"

इथेच मी चुकले. मी म्हटलं, "तुम्हालाच माहीत. लिहा तुम्ही."

त्यांनी लिहिलं. वेल्ह्याहून येणाऱ्या गाड्या लिहिल्या. मग त्यांना वाटलं, आलेला माणूस परत कसा जाणार, म्हणून परतीच्या लिहिल्या. रविवारच्या वेळा वेगळ्या, बाजारच्या दिवशीच्या वेगळ्या, शाळेची फेरी वेगळी. कुठली गाडी गावात शिरते आणि कुठली फाट्यावरच सोडते. पावसाळ्यात कुठल्या वाडीला जाणारी गाडी अलीकडच्याच गावातून वळते. रोज सकाळी ते स्थानकावर जात, चहा घेत, फळ्यावर काय बदललं ते कागदावर टिपत आणि घरी येऊन मोबाईलवर चढवत. "कसे यावे" वाचायला घेतलं तर अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवत राहावं लागे.

आम्हाला हे बरेच दिवस कळलंच नाही. पाळकसाहेब दर महिन्याला आनंदाने सांगत, वेबसाईट रोज दीडशे-दोनशे लोक बघतात, सुवार्ता दऱ्याखोऱ्यांत पोहोचते आहे. आम्ही "आमेन" म्हणायचो. मग एकदा मी शेफालीकडून नीट माहिती मागवली. दोनशेतले एकशे नव्वद "कसे यावे" उघडून बघत आणि निघून जात. पाळकसाहेबांचा संदेश त्या आठवड्यात सात वेळा उघडला गेला होता, आणि त्यात चार वेळा मीच होते, शुद्धलेखन तपासायला. प्रार्थनेची विनंती एकही नव्हती.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वेबसाईटवर उजागऱ्यांचाच मोबाईल नंबर होता, तोही दिवसभर वाजायचा. ते शांतपणे म्हणत, "सलाम, चर्चमधून अजित बोलतोय. हो, साडेनऊची लागली आहे फलाटाला, निघा तुम्ही." अगदी उपासनेच्या आधी पाच मिनिटंसुद्धा. लोक एकमेकांना सांगू लागले, गाडीचं काय ते चर्चला विचार. कमिटीत मी तीनदा विषय काढला, की आपण प्रभूचं काम करायला बसलोय की एसटीचं? उजागरे तिन्ही वेळा म्हणाले, "बघतो, बाई." आणि काही बघितलं नाही. पाळकसाहेब मध्ये पडायचे नाहीत. त्यांना मी आणि उजागरे दोघंही हवे होतो.

मग दिवाळीच्या सुट्टीतला तो मंगळवार आला.

येत्या रविवारी आमची सुगीची उपासना होती. वर्षाचं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवायचं, आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्यासाठी आम्ही काही जण चर्च धुवायला जमलो होतो. नऊच्या सुमारास उजागऱ्यांचा मोबाईल वाजला. हात ओले, म्हणून त्यांनी तो बाकावर ठेवून मोठ्या आवाजावर केला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"चर्च का वो? म्या धोंडाबाई बोलतीया, गुंजवण्याची. तुमची सव्वासातची गाडी अजून आली न्हाई की."

उजागऱ्यांच्या हातातला खराटा खाली टेकला.

"आमी सातपासनं फाट्यावर हुब्या हाय. सासूबाई हायत संगं. त्यास्नी भोरात डोळं दावायचंत. आज डोळ्याचं शिबिर हाय, पुन्याचं डाक्टर येनार हायत, बारापतूर नाव नोंदवून घेत्यात म्हनं. कवा यील गाडी?"

सव्वासातची ती शाळेची फेरी. शाळेला सुट्टी लागली की ती बंद असते, दर वर्षी. ही गोष्ट उजागऱ्यांनी स्वतः वीस वर्षं भोंग्यावरून सांगितली होती. शनिवारी त्यांनी ती कागदावर टिपलीही होती, पण कागद खिशात राहिला आणि सदरा धुवायला गेला. वेबसाईटवर सव्वासात तशीच होती.

"ताई, आज ती गाडी नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तुम्ही तिथंच थांबा, हलू नका."

कोपऱ्यावरच्या हनुमंतची रिक्षा करून ते त्याच ओल्या विजारीत गेले. भोरहून गुंजवणं रिक्षाने म्हणजे काही जवळ नाही. हे सगळं मला मागून समजलं तसं सांगते, कारण उजागऱ्यांनी दोन वाक्यांपलीकडे सांगितलं नाही. हनुमंतने मात्र चौकात सगळ्यांना सांगितलं. फाट्यावर धोंडाबाई उभी होती आणि तिची सासू ठकुबाई दगडावर बसलेली. ठकुबाईचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. येताना नसरापूरच्या अलीकडे रिक्षाचं चाक बसलं. ते बदलेपर्यंत हनुमंतला घाम फुटला आणि उजागरे रस्त्याच्या कडेला उभे राहून घड्याळ बघत होते. शिबिराच्या मांडवापाशी पोहोचले तेव्हा सव्वा वाजून गेला होता, डॉक्टरांची गाडी पुण्याला निघून गेली होती आणि एक माणूस खुर्च्या एकात एक घालत होता. पुढचं शिबिर माघात.

उजागऱ्यांनी दोघींना घरी जेवायला नेलं, स्वतः पिठलं-भात केला आणि संध्याकाळच्या गाडीने त्यांना घरापर्यंत सोडून आले. रात्री तिकडून परतीची गाडी नसते. ते कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोतून पहाटे भोरला आले.

बुधवारी ते माझ्या दारात उभे. हातात घडी घातलेला कागद. "संकेतस्थळाची जबाबदारी मी सोडत आहे. 'कसे यावे' मधील वेळापत्रक रविवारी काढून टाकावे. माझ्याकडून गंभीर चूक झाली आहे. आपला नम्र, अजित उजागरे."

दोन वर्षं मला हवा होता तो कागद माझ्या हातात होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"बाई, ती एका डोळ्याने बघते," ते म्हणाले. "तीन महिन्यांत तेवढंही दिसेनासं झालं तर मी काय करायचं? खिडकीत बसायचो तेव्हा मागे पाटी असायची, वही असायची, चार जण असायचे. इथं मी एकटाच. एवढ्या माणसांनी माझ्या एका बोटावर विश्वास ठेवायचा, हे बरोबर नाही."

मी कागद रजिस्टरमध्ये ठेवला आणि रविवारच्या सभेचा विषय म्हणून नोंदवला. मधल्या दिवसांत फोन आला की उजागरे प्रत्येकाला सांगत, "रविवारपासून आमचं हे बंद होतंय बरं का, स्थानकावर चौकशी करत जा." धोंडाबाईनेही शुक्रवारी फोन केला होता, आणि तिलाही त्यांनी तेच सांगितलं.

रविवारी चर्च फुललं होतं. पुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, नारळ, वाल, नाचणी, कुणाच्या परसातल्या केळीचा अख्खा घड. पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली आणि आम्ही गायलो, खरंच मन भरून गायलो. उजागरे मागच्या बाकावर हात जोडून बसले होते. उपासना संपली, बाहेर मंडपात जेवणाच्या ताटांचा आवाज सुरू झाला, आणि सभा लवकर उरकायची म्हणून मी पायरीवरच रजिस्टर उघडलं. तेवढ्यात फाटकातून दोन बायका आल्या. धोंडाबाई पुढे, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, काखेत गाठोडं.

ठकुबाई पायरीपाशी थांबली आणि एका डोळ्याने आमच्याकडे बघू लागली. कुणाशी बोलायचं ते तिला कळेना. शेवटी ती सगळ्यांनाच उद्देशून म्हणाली, "गाडी बंद करू नगा, बाबांनो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"म्या तकरार न्हाई केली," ती म्हणाली. "हिनं निसतं इचारलं, कवा येती म्हून. माज्यापायी तुमी गाडी बंद कराया लागलाय म्हनं. आमच्या वाडीला शाळंच्या येळंला तेवढीच हाय. पोरं शाळंला त्याच गाडीनं जात्यात. माजी चुकली तर चुकली. माजा डोळा काय, आज न्हाई तर उद्या. पर गाडी ऱ्हाऊ द्या." तिने गाठोडं सोडलं. त्यात नवे तांदूळ होते, पायलीभर. आत सगळ्यांनी मांडलेलं पीक तिने उघड्या दारातून तिथूनच पाहिलं होतं. "ह्ये बी त्यात ठिवा. आमचं बी."

मग उलगडा झाला. ठकुबाईला अक्षर येत नाही. सून मोबाईलवर वेळ बघून सांगते तेव्हा म्हातारीला दिसतं ते वरचं चित्र, पांढरी भिंत आणि लाल कौलं. त्याच्याखाली गाडीची वेळ. फोन केला तर चर्च बोलतं. तेव्हा गाडी चर्चचीच, हे तिच्या मनाने कधीचं धरलेलं. आणि ती एकटीच नव्हे. त्या वाडीतल्या बायका सव्वासातच्या गाडीला चर्चची गाडीच म्हणतात.

कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तसं गप्प झालं. उजागरे मागून पुढे आले आणि ठकुबाईसमोर सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले.

"आजी, गाडी आमची नाही. ती एसटीची आहे, सरकारची. ती सुट्टी संपली की येणार, कुणी बंद करत नाही. आम्ही नुसती वेळ लिहितो. ती मी चुकीची लिहिली."

ठकुबाईने धोंडाबाईकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"गाडी तुमची न्हाई?"

"नाही, आजी."

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

मंडपातली ताटंही थांबली होती.

"मंग त्या दिशी तुमी आमाला न्ह्यायला कशापायी आलता?" ती म्हणाली. "सरकारची गाडी आली न्हाई तर कोन येतंय व्हय न्ह्यायला? माज्या जल्मात न्हाई आलं कुनी. म्हून तर म्या म्हनलं, ह्यांचीच असनार."

उजागऱ्यांचे ओठ हलले. या माणसाला साक्ष देता येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "वेळ मी लिहिली होती ना, आजी."

"मंग लिवा की," ठकुबाई म्हणाली. "सोडताय कशाला? चुकली तर ही फोन करती, तुमी नीट करा. आनि माघातलं ते डोळ्याचं बी लिवा तितंच. मला हीच वाचून दावील."

पाळकसाहेब चष्मा पुसत होते. मी इतकी वर्षं चर्चमध्ये बसते, किती उपदेश ऐकले असतील. पण माणसांपर्यंत पोहोचणं म्हणजे काय, हे मला त्या पायरीवर एका निरक्षर म्हातारीने सांगितलं, आणि तेही तांदूळ घेऊन येऊन. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. देवाने असा माणूस आमच्या मागच्या बाकावर बसवला होता आणि मी दोन वर्षं त्याच्या चुका मोजत होते. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

मग मी रजिस्टरमधून उजागऱ्यांचा कागद काढला आणि सभेची परवानगी न घेता, सचिव असूनही, सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले. उजागरे माझ्याकडे बघतच राहिले.

ठकुबाईला तुकडे दिसले नाहीत, पण आवाज ऐकू आला. "काय फाडलं वो, बाई?"

"काही नाही, आजी," मी म्हटलं, "एक चुकीचा कागद होता. चला, जेवायला बसा."